मनोधैर्य कोणाचे? मिनिआपोलिसच्या पोलीस खात्यातील राजीनाम्यांचा अर्थ

'अशाने पोलिसांचे मनोधैर्य खचते' हे वाक्य आपल्याकडे फार जुने आहे. लाठीमाराची चौकशी मागा, कोठडीत मेलेल्या माणसाबद्दल विचारा, अत्याचाराची फिर्याद तीन दिवस का नोंदवली नाही असा जाब मागा. हे वाक्य हमखास पुढे केले जाते आणि प्रश्न तिथेच थांबतो. मनोधैर्य म्हणजे नेमके काय, ते कशाने टिकते, कशाने खचते आणि खचले तर त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार मात्र कोणी करीत नाही. हा विचार करायचा तर ज्या शहरात पोलिसांचे मनोधैर्य खरोखरच खचले, ते शहर तपासावे लागेल. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातले मिनिआपोलिस हे तसे शहर आहे. काही वर्षांत त्याच्या पोलीस खात्यातील तीनशेच्या वर माणसे नोकरी सोडून गेली.

हे शहर आपल्याला वाटते तितके परके नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. १९६६ साली स्थापन झालेल्या त्या ब्लॅक पँथरचे सुरुवातीचे काम होते पोलिसांच्या गस्तीवर गस्त ठेवण्याचे. पुढे दोन वर्षांनी, १९६८ साली, मिनिआपोलिसमध्येच अमेरिकन इंडियन मूव्हमेंटचा जन्म झाला. फ्रँकलिन अव्हेन्यूवर आदिवासी इंडियनांना पोलीस उचलून नेत, म्हणून त्या तरुणांनी तिथे स्वतःची गस्त सुरू केली. म्हणजे या शहरातला पोलीस आणि तिथला शोषित माणूस यांचा झगडा किमान अर्ध्या शतकाचा आहे. २०२० साली जे घडले ते आभाळातून पडले नाही.

घटना सर्वांना ठाऊक आहे. २५ मे २०२० रोजी, वीस डॉलरची नोट खोटी असल्याच्या तक्रारीवरून, जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पकडण्यात आले. डेरेक शॉविन या गोऱ्या पोलिसाने त्याच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा रोवला. फ्लॉइड मेला. पोलिसांनी काढलेल्या पहिल्या पत्रकात हा मृत्यू 'वैद्यकीय घटना' म्हणून नोंदला होता. सतरा वर्षांच्या एका काळ्या मुलीने ते सारे आपल्या फोनवर टिपले नसते, तर ते पत्रक हाच इतिहास ठरला असता. २८ मेच्या रात्री पोलीस तिसरे ठाणे सोडून निघून गेले आणि जमावाने ते जाळले. ७ जूनला नगर परिषदेच्या तेरापैकी नऊ सभासदांनी एका बागेतील सभेत हे खाते मोडून नवी व्यवस्था उभारण्याची शपथ घेतली.

त्यानंतर माणसे जाऊ लागली. खात्यात सुमारे ९०० पोलीस होते. पुढच्या तीन-चार वर्षांत ही संख्या ६०० च्या खाली आली. मिनिआपोलिस एकटे नव्हते. अमेरिकेतील सुमारे दोनशे पोलीस खात्यांच्या एका पाहणीत २०२०-२१ या वर्षात आधीच्या वर्षापेक्षा निवृत्ती ४५ टक्क्यांनी आणि राजीनामे १८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. परंतु एकतृतीयांश माणसे गमावणारी मोठी खाती थोडीच.

ही माणसे गेली कशी, हे नीट समजून घेतले पाहिजे. 'राजीनामा' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे बाणेदारपणे टोपी काढून टेबलावर ठेवणारा अधिकारी येतो. तिथे तसे फारसे घडले नाही. काहींनी वेळेआधी निवृत्ती घेतली. काही आसपासच्या उपनगरांच्या पोलीस खात्यांत गेले. तिथे काम कमी आणि लोकांचा राग दूरचा. सर्वांत मोठी वाट होती ती आजारपणाची. भयंकर प्रसंगाचा मनावर जो दीर्घ आघात राहतो, तो पोलिसांच्या बाबतीत नोकरीतूनच आलेला आजार मानावा, असा कायदा मिनेसोटात २०१९ पासून लागू झाला होता. त्याच्या आधारे जुलै २०२० पर्यंतच दीडशेच्या आसपास पोलिसांनी दावे तयार केल्याचे त्यांच्या वकिलाने जाहीर केले. दावा मान्य झाला की नुकसानभरपाई आणि अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते. शहराने यापायी कोट्यवधी डॉलर मोजले. पुढे २०२३ साली राज्याला कायदा बदलून आधी उपचार घेण्याची अट घालावी लागली.

या माणसांच्या आघाताची चेष्टा करणे योग्य नव्हे. जळत्या ठाण्यातून जीव घेऊन पळालेला शिपाई रात्री दचकून उठत असेल, तर ते खोटे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण एक प्रश्न विचारावाच लागतो. मिनिआपोलिसच्या काळ्या वस्तीतील मुलगा लहानपणापासून जे पाहत आला, त्या आघाताचे निवृत्तिवेतन कोणत्या कायद्यात आहे? आघात दोघांचाही खरा असतो; त्याची नोंद घेणारे दप्तर मात्र एकाच बाजूला असते.

पोलिसांच्या संघटनेने खच्चीकरणाचे कारण दिले ते असे की राजकारण्यांनी साथ सोडली, 'पोलिसांचा पैसा तोडा' अशी घोषणा झाली, समाज कृतघ्न झाला. या म्हणण्यात काही तथ्य आहे. ज्याच्यावर रोज शिव्या पडतात त्याचे मन कामात राहत नाही. मात्र हे कारण अपुरे आहे, कारण ते २०२० पासून सुरू होते. खात्याची प्रकृती त्याच्या आधीच बिघडलेली होती.

ती कशी, हे काही गोष्टींवरून दिसते. १९९९ साली मिनेसोटा राज्याने पोलिसांनी त्याच शहरात राहावे ही अट घालण्यास नगरपालिकांना मनाई केली. परिणामी दहांपैकी नऊ पोलीस शहराबाहेर राहू लागले. ते पाळीपुरते शहरात येत आणि पाळी संपली की निघून जात. ज्या गल्लीत आपले मूल खेळत नाही त्या गल्लीकडे पाहण्याची नजर वेगळी होते. २०१५ च्या नोव्हेंबरात जमार क्लार्क हा काळा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. चौथ्या ठाण्यापुढे लोक अठरा दिवस ठाण मांडून बसले, कोणावरही खटला झाला नाही. २०१७ साली जस्टिन डेमंड ही गोरी स्त्री पोलिसाच्याच गोळीने मेली. गोळी झाडणारा मोहम्मद नूर हा सोमाली वंशाचा होता. कर्तव्यावर असताना केलेल्या हत्येसाठी दोषी ठरलेला तो मिनेसोटातला पहिला पोलीस. त्यातील खुनाचा दोष वरच्या न्यायालयाने २०२१ मध्ये काढला, मनुष्यवधाचा राहिला. पण कोणाचा जीव गेला आणि कोणी घेतला यावर न्यायाचा वेग ठरतो, हे काळ्या वस्तीने त्या वेळी नोंदवून ठेवले.

२०१९ च्या एप्रिलमध्ये महापौर जेकब फ्राय यांनी 'योद्धा' पद्धतीच्या प्रशिक्षणावर बंदी घातली. प्रत्येक नागरिक हा संभाव्य शत्रू आहे असे शिकवणारे हे प्रशिक्षण. पोलीस फेडरेशनने काय करावे? तेच प्रशिक्षण आपल्या सभासदांना फुकट देण्याची तयारी दाखविली. शॉविनच्या नावावर किमान सतरा तक्रारी होत्या, तरी तो नव्या शिपायांना शिकविणारा अधिकारी होता. कोणाला बडतर्फ केले तर प्रकरण लवादाकडे जाई आणि माणूस अनेकदा परत कामावर येई. म्हणजे जे मनोधैर्य २०२० मध्ये खचले, ते कशावर उभे होते? 'आपल्याला कोणी विचारणार नाही' या खात्रीवर. २० एप्रिल २०२१ रोजी शॉविन दोषी ठरला, त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, आणि ती खात्री मोडली. मनोधैर्याचा पाया जर बेजबाबदारपणा असेल, तर पहिल्याच जबाबदारीला ते कोसळणारच.

इथे खात्यातल्या काळ्या पोलिसाचा विचार केला पाहिजे. तो आपल्या फार जवळचा आहे. मेडारिया अराडोंडो १९८९ साली या खात्यात आले. २००७ साली त्यांनी आणि इतर चार काळ्या अधिकाऱ्यांनी आपल्याच खात्यावर वर्णभेदाचा दावा लावला. बढत्या, नेमणुका, शिस्तीची कारवाई यांत गोऱ्याला एक न्याय आणि काळ्याला दुसरा, असे त्यांचे म्हणणे होते. २००९ साली शहराने ७,४०,००० डॉलर देऊन तडजोड केली. या पाच जणांचे मनोधैर्य त्या काळात काय असेल, याची काळजी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. पुढे २०१७ साली अराडोंडो शहराचे पहिले काळे पोलीसप्रमुख झाले आणि शॉविनच्या खटल्यात त्याच्याविरुद्ध साक्ष देण्यास उभे राहिले. जानेवारी २०२२ मध्ये ते निवृत्त झाले.

दुसरे उदाहरण अधिक दुःखाचे. फ्लॉइडच्या पाठीवर ज्याने जोर दिला तो जे. अलेक्झांडर कुएंग हा तरुण काळ्या बापाचा मुलगा होता. आतून बदल घडवावा म्हणून तो पोलिसात गेला, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले. पूर्ण शिपाई झाल्यावर त्याच्या नोकरीचा तो पहिलाच आठवडा होता, आणि त्याचा प्रशिक्षक होता शॉविन. २०२२ साली तो तुरुंगात गेला. आपला माणूस आत गेला की व्यवस्था बदलते, असे आपण समजतो. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी नोकऱ्यांतील पुरेशा प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला तो अगदी योग्य होता. शासन ज्यांच्या हातात असते त्यांच्याच जातीची नजर कायद्याला येते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. पण एकटा माणूस आत पाठवून भागत नाही. आत त्याला घडविणारा शॉविन बसला असेल, तर चेहरा बदलतो आणि गुडघा तोच राहतो.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. पोलीस गेले, मग काय झाले? जे उरले त्यांच्यावर ओव्हरटाइम पडू लागला. ओव्हरटाइमने थकलेले पुन्हा जाऊ लागले. फोन आला की धावणाऱ्या गाड्या भरण्यासाठी तपास करणाऱ्या शाखांतून माणसे काढण्यात आली, त्यामुळे गुन्ह्यांचा छडा लागणे मागे पडले. जे कामावर होते त्यांनीही हात आखडता घेतला. पोलिसांनी स्वतःहून गाड्या थांबविणे, हटकणे मोठ्या प्रमाणावर घटल्याचे रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०२१ मध्ये आकड्यांनिशी दाखविले. याच काळात, अमेरिकेतील इतर शहरांप्रमाणे, बंदुकीचा हिंसाचार वाढला. २०१९ मध्ये शहरात पन्नासच्या आत खून झाले होते. २०२१ मध्ये ते नव्वदीच्या पुढे गेले. मेले ते बहुतांशी काळेच. एप्रिल-मे २०२१ मध्ये उत्तर मिनिआपोलिसमध्ये तीन लहान मुलांच्या डोक्यात गोळ्या लागल्या, त्यांतल्या दोन मुली दगावल्या.

उत्तर मिनिआपोलिसमधील आठ रहिवाशांनी, ज्यांत काळे कार्यकर्ते पुढे होते, २०२० सालीच शहरावर दावा लावला होता. त्यांची मागणी होती अधिक पोलिसांची. शहराच्या सनदेत १९६१ पासून अशी तरतूद आहे की हजार लोकांमागे किमान १.७ पोलीस असलेच पाहिजेत. त्या हिशेबाने संख्या ७३१ होते. जून २०२२ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या राखणे महापौरांचे कर्तव्य असल्याचा निर्णय दिला. निर्णय झाला, पण हुकमाने माणसे भरती होत नाहीत. संख्या घसरतच राहिली. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये खाते बदलून नवा सार्वजनिक सुरक्षा विभाग करावा का, यावर शहराने मतदान केले. सुमारे ५६ टक्क्यांनी नाही म्हटले, ४४ टक्क्यांनी होय.

आपल्यातील काही पुरोगामी मित्र याला काळ्यांची गुलाम मानसिकता म्हणतील. मला तसे वाटत नाही. ज्याच्या पाठीवर लाठी पडते त्यालाच संरक्षणाची गरज सर्वांत जास्त असते. श्रीमंत माणूस उंच भिंत बांधतो, रखवालदार ठेवतो, उपनगरात घर घेतो. गरिबाजवळ पोलिसावाचून दुसरे काही नसते. तो पोलिसाला भितो आणि पोलीस आला नाही याचेही भय बाळगतो. ही दोन भये परस्परविरोधी नाहीत. एकाच बेजबाबदार खात्याची ती दोन रूपे आहेत. हे खाते जास्त असते तेव्हा मारते आणि कमी असते तेव्हा मरू देते.

उपाय काय झाले ते थोडक्यात सांगतो. राज्याच्या मानवी हक्क विभागाने एप्रिल २०२२ मध्ये अहवाल दिला. शहरात काळ्यांचे प्रमाण सुमारे १९ टक्के, पण पोलिसी बळ ज्यांच्यावर वापरले गेले त्यांत ते ६३ टक्के. २०१० पासून पोलिसांच्या हातून मेलेल्या १४ जणांपैकी १३ गोरे नसलेले. जून २०२३ मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानेही तसाच निष्कर्ष काढला. राज्याशी न्यायालयाच्या देखरेखीखाली करार झाला. केंद्राशी जानेवारी २०२५ मध्ये ठरलेला करार मात्र सरकार बदलल्यावर मे २०२५ मध्ये रद्द झाला. जुलै २०२४ मध्ये पोलिसांना तीन वर्षांत २१.७ टक्के पगारवाढ देणारा करार नगर परिषदेने ८ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. पगार वाढल्यावर अर्ज वाढतात, हे खरे आहे. पण पगाराने रिकाम्या खुर्च्या भरतात. रिकामा झालेला विश्वास भरत नाही.

आता आपल्याकडे. मी ज्या महाविद्यालयात शिकवितो तिथे पहाटे पाच वाजता मैदानावर शंभर-दीडशे मुले-मुली धावत असतात. भरतीची तयारी. त्यांतले बरेचसे आपल्या वस्तीतले, भटक्या-विमुक्तांचे, कोरडवाहू शेतकऱ्यांचे. घरातला पहिला पदवीधर म्हणून मला त्यांची घाई समजते. त्यांच्या घरात आजवर महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार आलेला नसतो. ही मुले शिपाई झाली की कितीही अपमान झाला तरी राजीनामा देत नाहीत. राजीनामा देण्यासाठीसुद्धा मागे काहीतरी असावे लागते. मिनिआपोलिसच्या पोलिसाला उपनगरातली नोकरी होती, निवृत्तिवेतन होते, लढणारी संघटना होती. आपल्या शिपायाला संघटनाच नाही. १९६६ च्या कायद्याने परवानगीशिवाय ती करता येत नाही. मुंबईच्या पोलिसांनी एकदा धाडस केले होते. १८ ऑगस्ट १९८२ रोजी सरकारने त्यांच्या पुढाऱ्यांना अटक केली, संघटनेची मान्यता काढली, रस्त्यावर लष्कर आणले आणि कित्येकांना घरी बसविले. कामाचे तास आठ असावेत, ही साधी गोष्ट प्रयोग म्हणून मुंबईतील देवनार ठाण्यात सुरू व्हायला २०१६ साल उजाडले.

म्हणून आपल्याकडे मनोधैर्य खचते तेव्हा राजीनाम्यांचे आकडे दिसत नाहीत. ते दारूत दिसते, रक्तदाबात दिसते, बायकोवर उगारलेल्या हातात दिसते, आणि ठाण्याच्या दारात फिर्याद घेऊन आलेल्या दुबळ्या माणसावर ओरडण्यात दिसते. वरून आलेला अपमान खाली उतरवायचा, हे जातिव्यवस्थेने शिकविलेले गणित खाकीतही तसेच चालते.

आणि तरीही त्या दुबळ्या माणसाला ठाण्याची पायरी चढावीच लागते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची सारी शक्ती ठाण्यातल्या पहिल्या नोंदीवर अवलंबून आहे. त्या कायद्याच्या चौथ्या कलमात कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा सांगितली आहे. हे कलम वापरा म्हटले की 'मनोधैर्य' आडवे येते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायालयाने दोषी ठरवायला २००९ साल लागले. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. त्यानंतर सातव्या दिवशी खैरलांजी घडले.

तेव्हा कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच की पोलीस जास्त हवेत की कमी, या वादात आपण अडकू नये. दोन मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत. शिपायाला आठ तासांचे काम, राहण्यास घर, संघटनेचा हक्क आणि साहेबाच्या घरच्या कामातून सुटका मिळाली पाहिजे. आणि त्याच शिपायाच्या, त्याच साहेबाच्या प्रत्येक काठीचा व प्रत्येक न घेतलेल्या फिर्यादीचा हिशेब खात्याबाहेरच्या माणसांपुढे झाला पाहिजे. पहिली मागणी सोडून दुसरीच मांडली तर मैदानावर धावणारी आपलीच पोरे आपल्यापासून तुटतात. दुसरी सोडून पहिलीच मांडली तर आपण मिनिआपोलिसच्या फेडरेशनचे काम करतो.

पोलिसाचे मनोधैर्य टिकले पाहिजे, यात वाद नाही. पण ते वस्तीच्या विश्वासावर टिकले पाहिजे. मिनिआपोलिसने ते शिक्षेपासून मिळालेल्या अभयावर टिकविले होते. ते अभय एका मुलीच्या फोनने काढून घेतले तेव्हा खात्याजवळ दुसरा आधार उरला नाही, आणि त्या रिकामपणाची किंमत आधी ज्यांची मान दाबली गेली होती त्यांच्याच मुलांनी मोजली. यापुढे कोणी मनोधैर्याचा दाखला देऊन आपला प्रश्न थांबवू लागला, तर त्याला शांतपणे विचारले पाहिजे की तुम्ही कोणाच्या मनोधैर्याबद्दल बोलता आहात. ठाण्याच्या आतल्या माणसाच्या, की दाराशी कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या?